आमची वाटचाल: काट्यांतला उजेड

घड्याळांच्या डायलवर आणि काट्यांत अंधारात चमकणारा रंग भरणं हे आमचं काम. सुरुवात झिंक सल्फाइडच्या पावडरीवर झाली. तिचा उजेड लवकर मावळायचा. 1993 मध्ये जपानच्या नेमोतो कंपनीने स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटची पावडर आणली होती. तिच्याकडे वळलो आणि पहाटेपर्यंत वेळ दिसू लागली.

या पावडरीपायी गुठळी दाबून फोडायची सवय सोडावी लागली. कण चिरडला की चमक घटते. कण कठीणही इतके, की स्टीलची पट्टी झिजून मिश्रण करडं पडतं. म्हणून काचेची कांडी.

पावडर आणि वार्निश वजनाने समसमान घेऊन सुरुवात करतो. एका जोडीच्या काट्यांना 0.2 ग्रॅम पावडर पुरून उरते. ती वार्निशमध्ये तीन-चार वेळा थोडीथोडी सोडून सावकाश ढवळायची. घाईने ढवळलं की हवा अडकते आणि सुकल्यावर बारीक भोकं दिसतात.

खरी कसोटी थिनरची. बाटलीतून कधीच ओतायचा नाही, सुईच्या टोकावर येईल तेवढाच घ्यायचा. कांडीवरून मिश्रण मधासारखं ओघळावं आणि पडलेला थेंब आपोआप सपाट व्हावा. तार सुटत असेल तर आणखी एक टोक. थिनर जास्त झाला तर जड कण खाली बसतात, वर नुसतं वार्निश राहतं. डायलवरचा ठिपका कडेला दाट, मध्ये फिका सुकतो. काट्याच्या खिडकीत, म्हणजे रंग भरायच्या पोकळ जागेत, तर पडदाच धरत नाही, मधोमध फाटतो. अशा मिश्रणात पुन्हा पावडर घालून ते सावरत बसू नये, नवीन करावं. काम चालू असतानाही दर दोन-तीन काट्यांनंतर ढवळावंच लागतं.

काटा उलट्या बाजूने भरतो, म्हणजे पुढची बाजू स्वच्छ राहते. डायलवर मात्र आधी पांढऱ्या रंगाचा हात: गडद पृष्ठभाग उजेड गिळतो, पांढरा परत फेकतो. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर बरे. जाड थर वरून सुकतो, आत ओला राहतो आणि नंतर तडकतो.

पाणी या पावडरीचं वैरी. बाटली घट्ट बंद, सोबत सिलिका जेल.

रेडियम या किरणोत्सर्गी धातूचा चमकता रंग असलेल्या जुन्या डायल आम्ही खरवडत नाही. त्या रंगात रेडियमच्या किरणांनी चमकणारं झिंक सल्फाइड थकलेलं असतं, म्हणून त्या डायल चमकत नाहीत. रेडियम निम्मं व्हायला मात्र सुमारे 1600 वर्षं लागतात, आणि त्याची धूळ श्वासातून आत जाते.