तुम्ही विचारलंत म्हणून: उंदराच्या जठरात एवढं बघता काय?

हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, नवे विद्यार्थीही विचारतात. मी तिथे चेतातंतूंचे पत्ते शोधते.

जठराच्या भिंतीतले बरेच चेतातंतू पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, सोडून निरोप देतात. त्यातलं सबस्टन्स पी 1931 मध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांना घोड्याच्या आतड्याच्या आणि मेंदूच्या अर्कात सापडलं. व्हीआयपी नावाचं दुसरं पेप्टाइड 1970 मध्ये डुकराच्या आतड्यातून वेगळं काढलं गेलं. पण अर्क काढायचा म्हणजे ऊती वाटून बारीक करायची. पदार्थ हाती येतो, पण तो भिंतीत नेमका कुठे होता हे वाटण्यातच हरवतं.

म्हणून आम्ही भिंत गोठवून सुमारे 10 मायक्रॉन जाडीचे काप घेतो. त्या पेप्टाइडला चिकटणारं प्रतिपिंड लावतो आणि त्यावर चमकणारा रंग जोडलेलं दुसरं. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे तंतू दिसतात, बारीक मण्यांच्या माळेसारखे. मणी म्हणजे पेप्टाइड साठलेले फुगवटे. प्रकाशात रंग विझत जातो, त्यामुळे फोटो लगेच घ्यावा लागतो. आणि प्रतिपिंड फसतंही. गॅस्ट्रिन (जठरात आम्ल सोडायला लावणारं संप्रेरक) आणि सीसीके या दोन पेप्टाइडांच्या शेपटाची शेवटची पाच अमिनो आम्लं तंतोतंत सारखी आहेत, तिथे एकाचं प्रतिपिंड दुसऱ्यालाही धरू शकतं. प्रतिपिंडात आधीच ते पेप्टाइड मिसळून चमक जाते का, हे पाहिल्याशिवाय मी फोटो कुणाला दाखवत नाही.

कापावर ‘जठर’ एवढंच लिहून मला दिलात, तर मी तो परत करेन. उंदराच्या जठराच्या वरच्या भागात ग्रंथीच नसतात, कातडीसारखं कठीण अस्तर असतं; एका उंचवट्याच्या पलीकडे ग्रंथींचा भाग सुरू होतो. अन्न आलं की स्नायू सैल करणाऱ्या व्हीआयपीचे तंतू स्नायूंच्या थरात भरपूर दिसतात. जीआरपी या पेप्टाइडचे तंतू ग्रंथींमधून वर जातात, कारण गॅस्ट्रिन सोडायला लावणं हे त्याचं काम. एनपीवाय या आणखी एका पेप्टाइडचे बरेच तंतू रक्तवाहिन्यांना बिलगून असतात.

माझा जीव मात्र सीजीआरपी या पेप्टाइडात अडकला आहे. अस्तराखालच्या बारीक धमन्यांभोवती त्याचे तंतू वेढे घालून बसलेले असतात. पण तंतू कुठे आहे हे दिसलं तरी तो आला कुठून हे काप सांगत नाही. त्यासाठी नवजात असताना कॅप्सायसिन, म्हणजे मिरचीतला तिखट पदार्थ, दिलेल्या उंदरांचे काप पाहावे लागतात. त्याने संवेदी तंतू मरतात. अशा वाढलेल्या उंदराचा काप मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा धमनी होती, तिच्या भिंती स्पष्ट होत्या, पण भोवती जवळजवळ काळोख होता. शेजारच्या कापात व्हीआयपीचे तंतू जसेच्या तसे. म्हणजे व्हीआयपी जठराच्या स्वतःच्या चेतापेशींचं, आणि सीजीआरपीचे बहुतेक तंतू पाठीच्या कण्यालगतच्या संवेदी पेशींकडून आलेले.

या तंतूंना आपण संवेदी म्हणतो, जणू ते फक्त वर खबर पोचवतात. प्रत्यक्षात आम्ल अस्तरात झिरपू लागलं की ते जागच्या जागी सीजीआरपी सोडतात, धमनी रुंदावते, रक्त वाढतं आणि शिरलेलं आम्ल वाहून जातं. त्या काळोख्या कापाच्या उंदरांमध्ये तेवढ्याच आम्लाने अस्तराला जास्त इजा होते.