बोटे पाण्याबाहेर: बुडापेस्टमधील चार दिवस

बुवांना तबल्याची साथ करत मी बरीच गावे हिंडलो; पण साथीदाराला गाव दिसते ते बहुधा विमानतळ, सभागृहाचा मागचा दरवाजा आणि रात्री साडेअकराला उघडे सापडलेले एखादे हॉटेल एवढेच. गेल्या नोव्हेंबरच्या दौऱ्यात मात्र व्हिएन्ना आणि बुडापेस्ट येथील कार्यक्रमांच्या मध्ये दोन पूर्ण दिवस मोकळे मिळाले, आणि कार्यक्रमानंतरही परतीला एक दिवस शिल्लक होता.

व्हिएन्नाविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. विमान कंपनीने डग्ग्याला पोचा पाडून दिला होता आणि सभागृहातील हीटरच्या कोरड्या हवेने पुडी, म्हणजे तबल्याचे कातडे, इतकी ताणली गेली, की काळी एकच्या सुराला लावलेला तबला मध्यंतरापर्यंत सुरात वर सरकत राहिला. त्या शहराची माझी आठवण म्हणजे डावीकडे पाण्याची बाटली, उजवीकडे हातोडी आणि बुवांचा तिरका कटाक्ष. दुसऱ्या दिवशी अडीच तासांच्या रेल्वेप्रवासानंतर आम्ही बुडापेस्टला उतरलो.

बुडापेस्टच्या पोटात गरम पाणी आहे. डॅन्यूब नदीच्या बुडा काठावर ते आपण होऊन वर येते. सपाट पेस्ट काठावर मात्र ते खोल विहिरी खणून काढावे लागले. सेचेनी हे स्नानगृह पेस्ट बाजूच्या मोठ्या उद्यानात आहे. तेथे जाणारी भुयारी रेल्वे 1896 ची. तिचे पिवळे, बुटके डबे रस्त्याखाली इतक्या वरून धावतात, की जिना उतरायला लागावे तोच फलाट येतो. स्नानगृह 1913 सालचे आहे, आणि त्याच वर्षी जानेवारीत याच शहरात चित्रकार अमृता शेरगिल जन्मली, हे मला पेटीवाल्या मित्राने कपडे बदलण्याच्या खोलीत सांगितले. त्याला अशा गोष्टी भलत्या वेळी आठवतात.

बाहेर पाच-सहा अंश तापमान, वर उघडे आकाश, चहूबाजूंनी राजवाड्यासारखी पिवळी इमारत आणि मधोमध वाफाळणारे पाणी. जमिनीखालून ते सत्तरहून अधिक अंशांवर येते. आम्ही उतरलो तो हौद 38 अंशांच्या आसपास होता. गणेशपुरीला तानसेच्या काठच्या कुंडात आपण आधी अंगठा बुडवून पाहतो, मग देवाचे नाव घेतो आणि दोन-चार बुचकळ्या मारून लालबुंद होऊन वर येतो. येथे लोक छातीइतक्या पाण्यात तासन्‌तास बसतात, गप्पा मारतात, भांडतातही. नाक्यावरचा कट्टाच जणू उचलून पाण्यात ठेवला आहे.

माझी अडचण वेगळीच होती. तबलजीच्या बोटांना वर्षानुवर्षांच्या रियाजाने एक घट्टपणा येतो आणि गरम पाणी तो अर्ध्या तासात मऊ करून टाकते. सुरकुतलेल्या तर्जनीने चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेच्या पट्टीवर, ‘ना’ वाजवला तर बोट चुरचुरते, आणि नादही ओल्या पापडासारखा बोदा निघतो. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता, तरी सावधगिरी म्हणून मी दोन्ही हात कोपरापासून वर धरून पाण्यात उभा राहिलो. तेथील वृद्ध मंडळी पाण्यातच बुद्धिबळाचे पट मांडून खेळत असतात. त्यांतील एका आजोबांनी माझ्या वर धरलेल्या हातांचा अर्थ ‘मला खेळायचे आहे’ असा घेतला आणि सन्मानाने जागा करून दिली. नकार कोणत्या भाषेत द्यावा हे न कळल्यामुळे मी खेळलो आणि दहाव्या-बाराव्या चालीला हरलो. बुवा कठड्याला टेकून पाहत होते. “अरे, तिहाई घेऊन तरी हरायचंस!” ते म्हणाले. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून थाटात केलेला शेवट.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुदाश या दुसऱ्या स्नानगृहात गेलो. सोळाव्या शतकात, तुर्की अमदानीत बांधलेला हा घुमट, त्याखाली आठ खांब आणि अष्टकोनी कुंड. घुमटातील रंगीत काचांच्या झरोक्यांतून उजेडाचे कवडसे पाण्यावर पडतात. त्या दिवशी पुरुषांचा वार होता आणि नेसायला मिळाले ते पुढून झाकणारे एक पांढरे फडके. लंगोटाचा अर्धा भाग म्हणा. पाणी थेंबथेंब पडत होते आणि प्रत्येक थेंबाच्या नादाला घुमटात इतकी आस, म्हणजे लांबत जाणारा गुंजारव, होती, की बुवांनी डोळे मिटून हलकेच खर्ज लावला. पलीकडचे दोघे बोलता बोलता थांबले. सेचेनीची भव्यता मला आवडली, पण निवड करायची तर मी रुदाशला जाईन.

खाण्याच्या बाबतीत माझी हंगेरीविषयीची समजूत गुलाश या मांसाच्या रश्श्यापाशी संपत होती आणि बुवा तर शाकाहारी. त्यांना तारले ते फ्योझेलेकने. पालक शिजवून, घोटून, त्याला मैदा आणि दूध लावून दाट केलेला हा पदार्थ म्हणजे आपल्या पालकाच्या पातळ भाजीचा सख्खा चुलतभाऊ. फक्त डाळीचे पीठ आणि ताक नाही. वर ठेवलेले तळलेले अंडे पेटीवाल्याच्या ताटात गेले. बुवांनी दोन घास घेतले, विचार केला आणि निकाल दिला, “सगळं आहे, फोडणी राहिली यांची.” लांगोश म्हणजे थाळीएवढी तळलेली आंबवलेली पोळी. तिच्यावर लसणाचे पाणी, आंबट साय आणि किसलेले चीज घालतात. गरम असेपर्यंत ती अप्रतिम लागते. गार झाली की वातड होते. पाप्रिका, म्हणजे तिकडची मिरची, दिसायला आपल्या बेडगीसारखी लाल, चवीला बहुधा गोडसर. आपल्याकडे मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, तिकडे तुर्कांच्या काळात पोहोचली. सेगेद शहरात अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी या पाप्रिकेतूनच क जीवनसत्त्व मुबलक प्रमाणात वेगळे काढले. त्यांना 1937 चे नोबेल मिळाले.

बाजारात हिंडताना कानावर पडणारी भाषा अजिबात कळत नव्हती, पण तिचा ठेका कळू लागला. हंगेरियन भाषेत शब्द केवढाही लांब असो, आघात नेहमी पहिल्या अक्षरावर पडतो. म्हणजे प्रत्येक शब्दाची सम, तालाची ती पहिली वजनदार मात्रा, सुरुवातीलाच! तेथील श्रोते समेवर मान हलवत होते, याचे श्रेय मी स्वतःकडे घ्यायचे की त्यांच्या भाषेकडे, हा प्रश्न आहे. कार्यक्रमात तबला मात्र जागचा हलला नाही, आणि बोटेही शाबूत होती.

शेवटच्या दिवशी दोन तासांचा रेल्वेप्रवास करून बालातोन सरोवराकाठच्या बालातोनफ्युरेदला गेलो. येथील पाणी हृदयरोग्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. 1926 मध्ये युरोपच्या दौऱ्यात थकलेले रवींद्रनाथ येथे उपचारासाठी राहिले आणि बरे वाटल्यावर त्यांनी सरोवरापाशी एक झाड लावले. काठाने जाणाऱ्या झाडांच्या रस्त्याला आज टागोरांचे नाव आहे. ऋतू सरल्यामुळे रस्त्यावर कोणी नव्हते. बुवा रवींद्रनाथांच्या अर्धपुतळ्यापाशी बराच वेळ उभे राहिले. तेही त्या दौऱ्यात तिसऱ्यांदा रक्तदाबाची गोळी विसरले होते.

जवळच्या चौकात खांबांच्या मंडपाखाली झऱ्याचे पाणी पिण्याची सोय आहे. मी बाटली भरून दिली. गळ्याला थंड पाणी लावायचे नाही, हा चाळीस वर्षांचा नेम मोडून बुवांनी मोठा घोट घेतला, क्षणभर थांबले आणि मोठी ढेकर दिली.

“अरे, हा तर सोडा आहे! बघ जरा, कुठे लिंबू मिळतं का.”