बेगलच्या पिठात बटाटा

घरी भाजलेला बेगल, म्हणजे उकळत्या पाण्यात बुडवून मग भाजलेला कड्याच्या आकाराचा चिवट पाव, ओव्हनमधून काढल्यावर काही तास अप्रतिम लागतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच चावताना जबडा दुखतो, ही तक्रार तो घरी करणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी असते. पाणी कमी, तेल-लोणी नावापुरते किंवा मुळीच नाही आणि ग्लुटेन (गव्हातले कणकेला चिवटपणा देणारे प्रथिन) भरपूर, अशी या पावाची घडणच असल्यामुळे तो लवकर शिळा होतो. यावर मला सर्वांत पटलेला उपाय म्हणजे पिठात उकडलेला बटाटा मिसळणे. फक्त हा बटाटा पाण्याच्या हिशेबात धरावा लागतो. पिठाचा एक भाग समजून तो घातला, तर कणीक सैल पडते आणि हाती येतो तो मधोमध भोक पाडलेला मऊ पाव.

शंभर ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात जवळपास ७८ ग्रॅम पाणीच असते. मात्र उकडताना बटाट्यातील स्टार्चचे कण फुगून या पाण्याचा बराचसा भाग धरून ठेवतात, आणि पाव भाजून गार झाल्यावरही ते पाणी सहजी सोडत नाहीत. पाव शिळा होतो म्हणजे केवळ वाळतो असे नाही. गव्हाचा स्टार्च गार होताना पुन्हा घट्ट रचना धरू लागतो आणि त्यामुळे आतला भाग कडक होतो. बटाटा ही क्रिया लांबवतो, म्हणून दुसऱ्या दिवशीचा बेगल भाजून न घेताही खाण्याजोगा राहतो. बटाट्याची चव वेगळी ओळखू येत नाही, येऊही नये.

मी न्यू जर्सीत राहते. इथे आणि शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये बेगलबद्दल लोकांची मते फार ठाम आहेत, आणि पिठात बटाटा म्हटल्यावर पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यामागे कारण आहे. बेगल हा मूळचा पोलंडमधील ज्यूंचा पाव. क्राकूवच्या ज्यू समाजाच्या १६१० सालच्या नियमांत बाळंतपणाच्या प्रसंगी द्यायच्या भेटींमध्ये त्याचा उल्लेख सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथून स्थलांतर केलेल्या कुटुंबांनी तो न्यूयॉर्कला आणला, आणि पुढे 'लोकल ३३८' या कामगार संघटनेच्या कारागिरांनी अनेक दशके तो हातानेच वळला. १९६०च्या दशकात वळण्याचे यंत्र आले, यंत्राला सोसेल अशी सैल कणीक रूढ झाली आणि देशभर मिळणारा बेगल मऊ होत गेला. ज्यांनी जुना चिवट बेगल खाल्ला आहे त्यांना मऊपणाचा संशय येतो, तो या इतिहासामुळे, आणि तो संशय मला रास्त वाटतो. पण ज्यूंच्या त्याच पूर्व युरोपीय स्वयंपाकात पुढे बटाट्याला मानाचे स्थान मिळाले. किसलेल्या बटाट्याचे तळलेले लाटके, ओव्हनमध्ये भाजलेला कुगेल, बटाट्याचे सारण भरलेला क्निश हे सारे त्याच घरांतले पदार्थ आहेत. त्यामुळे प्रमाण सांभाळले तर बटाटा बेगलला परका मानण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रमाण म्हणजे पिठाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत बटाटा, त्याहून अधिक नाही. ५०० ग्रॅम ब्रेडचे पीठ, १०० ग्रॅम उकडून बारीक केलेला बटाटा, २१५ ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि १५ ग्रॅम बार्ली माल्टचा (मोड आणलेल्या जवाचा) पाक एवढ्यात साधारण १०५ ग्रॅमचे आठ बेगल होतात. माल्टचा पाक नसेल तर काकवी घालावी. तिचा गडद, किंचित कडसर गोडवा माल्टच्या बराच जवळ जातो. पिठात प्रथिने साडेबारा-तेरा टक्के असावीत. भारतात मिळणाऱ्या साध्या मैद्यात ती कमी असतात, म्हणून त्यातील २० ग्रॅम मैदा काढून तितकेच विकतचे ग्लुटेन मिसळणे आवश्यक आहे, कारण बटाट्याने कणकेची ताकद कमी होते आणि ती भरून काढायला पिठात मुळात जोर लागतो.

बटाटा जुना, पिठूळ घ्यावा. इथे मी रसेट जातीचा वापरते. नवा बटाटा पाणीदार असतो आणि कुस्करला की चिकट होतो. तो सालासकटच उकडावा, म्हणजे आत जास्तीचे पाणी शिरत नाही. मग गरम असतानाच सोलून पुरणयंत्रातून काढावा आणि ताटात पातळ पसरून वाफ पूर्ण जाऊ द्यावी. ही वाफ जाऊ देण्याची पाच मिनिटे मला सर्व कृतीत महत्त्वाची वाटतात: सुरुवातीला ओलसर चमक असलेला बटाटा हळूहळू निस्तेज आणि मोकळा होतो, बोटांत घेतला तर रव्यासारखा सुटतो. या टप्प्यावर वजन करावे, त्याआधी नाही. मिक्सरमध्ये मात्र बटाटा कधीही फिरवू नये. स्टार्चचे कण फुटून त्याची खळ होते. कोमट झाल्यावरच तो पिठात घालावा, कारण कडकडीत बटाट्याने यीस्ट मरते.

मळायला घेतल्यावर कणीक प्रथम कोरडी वाटते आणि हात पाण्याच्या भांड्याकडे जातो. तो आवरावा. मळता मळता बटाट्यातील ओल सुटू लागते आणि चार-पाच मिनिटांत चित्र पालटते. दहा-बारा मिनिटे जोर लावून मळलेली कणीक घट्ट, गुळगुळीत आणि किंचित पिवळसर दिसते. ती तासभर झाकून ठेवून तिचे आठ गोळे करावेत. गोळ्याला बोटाने भोक पाडूनही बेगल होतो, पण मला लांब वळी करून टोके जुळवण्याची पद्धत अधिक आवडते. कडबोळी वळणाऱ्या हाताला ती शिकवावी लागत नाही, फक्त टोके एकमेकांवर दोन बोटे चढवून तळव्याखाली नीट लाटावी लागतात, नाहीतर पाण्यात सांधा उकलतो.

वळलेले बेगल रव्यावर ठेवून झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावेत. थंडीत यीस्ट मंदावते, चव मुरते आणि भाजल्यावर कवचावर बारीक फोड येतात, जे चांगल्या बेगलचे लक्षण मानले जाते. बटाट्यामुळे यीस्टला खाद्य अधिक मिळते आणि कणीक लवकर फुगते, म्हणून नेहमीच्या बेगलपेक्षा वेळ थोडा कमीच ठेवावा. एक बेगल गार पाण्यात सोडून तो तरंगला की सगळे तयार आहेत असे समजावे.

उकळत्या पाण्यात बुडवल्याखेरीज बेगल होत नाही. पाण्यात पृष्ठभागावरचा स्टार्च शिजून त्याचे कवच बनते, आणि ते ओव्हनमध्ये पावाला फार फुगू देत नाही. आतला चिवटपणा राहतो तो त्यामुळेच. तीन लिटर पाण्यात मोठा चमचाभर माल्टचा पाक किंवा काकवी घालावी. माँट्रियलमध्ये या पाण्यात मध घालतात. बटाट्याची कणीक नाजूक असल्याने एका बाजूस तीस-चाळीस सेकंद पुरतात. बाहेर काढताच, पृष्ठभाग चिकट असतानाच, तीळ किंवा खसखस लावावी. इथल्या बेगलवर निळसर काळी खसखस असते. आपली पांढरी खसखसही चवीला छान लागते, फक्त ती लवकर करपते.

ओव्हन २२० अंशांवर चांगला तापलेला हवा. वीस-बावीस मिनिटे लागतात, पण पंधराव्या मिनिटापासून लक्ष ठेवावे, कारण बटाट्यातील साखरेमुळे रंग लवकर चढतो. शीतगृहातून आलेल्या बटाट्यात थंडीने स्टार्चची साखर झालेली असते, तेव्हा तर आच दहा अंशांनी कमी करणे बरे. रंग गडद तांबूस हवा. फिकट बेगल आतून कच्चट राहतो.

जाळीवर अर्धा तास तरी निवू द्यावेत, कारण बटाट्याची वाफ आत बराच वेळ असते आणि गरम असताना कापले तर आतला भाग सुरीला चिकटतो. दोन दिवसांत संपणार नसतील, तर पूर्ण गार झाल्यावर आडवे कापून पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि लागतील तसे थेट टोस्टरमध्ये टाकावेत. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात मात्र ठेवू नयेत. तेथील थंडीत गव्हाचा स्टार्च सर्वांत वेगाने घट्ट होतो आणि बटाट्याने मिळवून दिलेला मऊपणा दिवसभरात निघून जातो.