थेंब तर बुडाला होता

"रक्तदानानं अशक्तपणा येतो का हो?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हे मला आत्याबाई विचारतात, शाळेतल्या बाई विचारतात. उत्तर ऐकायच्या आधीच कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवतं: "हिचं काय झालं बघा ना!"

तर माझं काय झालं ते नीट ऐका. नऊ वर्षं मी रक्त देत होते. बायकांना १२० दिवसांचं अंतर ठेवावं लागतं, म्हणून पुढची तारीख कालनिर्णयवर लाल पेनानं गोल करून ठेवायची. शिबिरात बोट टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. झरकन तळाला गेला की हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, म्हणजे पास. माझा थेंब कधी तरंगला नाही. याचा मला अभिमान होता.

मग एका उन्हाळ्यात मला बर्फ खावासा वाटू लागला. सरबतातला नव्हे, नुसता. वर्गातही मन फ्रीजरकडे धावायचं. शाळेचा दुसरा मजला चढताना कठड्याला धरून उभी राहायची. एका रात्री दोन वाजता मी अंधारात ट्रे पिळून बर्फ कडाकडा चावत होते, आणि मागून लेक म्हणाली, "आई, तू रोज उठतेस. मला आवाज येतो." तिच्या आवाजातली भीती अजून कानात आहे. दुसऱ्याच दिवशी तपासणी केली. हिमोग्लोबिन १२.६. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा, फक्त ७.

डॉक्टर म्हणाल्या, "डब्यात पीठ आहे हो, पण कोठीत गहू नाही." रक्ताच्या एका पिशवीबरोबर दीड-दोनशे मिलिग्रॅम लोह जातं. शिबिरात कोठी कुणी उघडून बघत नाही, डबाच बघतात.

आणि मी शिबिरात माइकवरून काय सांगायचे? "चोवीस तासांत सगळं भरून निघतं!" भरून निघतं ते पाणी, तेही एक-दोन दिवसांत. तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात, लोहाला कित्येक महिने. मी जाणूनबुजून खोटं बोलले नाही, पण अर्धंच बोलले. ऐकणाऱ्या पोरींमध्ये माझ्यासारखीच पाळीला जास्त रक्त जाणारी कुणी असेल, हे तेव्हा सुचलंच नाही. माझी पाळी तशी होती हेही मी लपवलं. लोहाच्या गोळ्यांनी पोट बिघडायचं म्हणून त्याही अर्ध्यावर सोडल्या. हा दोष रक्तदानाचा कसा?

तरी रक्तदानाचा काहीच वाटा नव्हता, असंही मला म्हणवत नाही. माझ्याबरोबर देणाऱ्या पुरुषांना ९० दिवसांचंच अंतर असतं. त्यातले बरेच जण ठणठणीत आहेत. त्यांना माझं उदाहरण देऊन घाबरवू नका, एवढं मात्र ऐका. नेमानं देत असाल तर, विशेषतः बायकांनो, फेरिटिन तपासून घ्या.

आता माझं फेरिटिन ३४ आहे. परवा निरोप आला: मे महिना, कॉलेजं बंद, पिशव्या कमी पडतायत. लेक म्हणते, नको. मी अजून उत्तर दिलेलं नाही.