जिवंत टी-रेग ओळखायची कशी?

पेशी एकेक करून मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरच्या पडद्यावर सीडी४ टी-पेशींचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पेशींचा, ठिपक्यांचा मोठा थवा दिसतो आणि त्याच्या कडेला, जरा वेगळा पडलेला, एक लहानसा पुंजका. निरोगी माणसात सीडी४ पेशींपैकी साधारण ५ ते १० टक्के. या नियामक टी-पेशी. लॅबमध्ये आम्ही त्यांना टी-रेग म्हणतो. त्या मोजणं हे माझं रोजचं काम, तरी एवढ्याशा पेशी किती सांभाळून घेतात याचं नवल ओसरत नाही.

स्वतःच्याच शरीरावर उलटू शकणाऱ्या बहुतेक टी-पेशी थायमसमध्येच, म्हणजे छातीतल्या ज्या ग्रंथीत त्या तयार होतात तिथेच, संपवल्या जातात. काही निसटतात. त्या सगळ्यांच्याच रक्तात असतात, आणि टी-रेग त्यांना आवरून धरतात. इतर टी-पेशींना वाढायला लागणारं आयएल-२ हे संदेशवाहक प्रथिन टी-रेग आपल्या पृष्ठभागावरच्या भरपूर सीडी२५ या रेणूंनी आधीच शोषून घेतात. शिवाय टी-पेशींना चेतवणाऱ्या डेंड्रिटिक पेशींवरचे सीडी८० आणि सीडी८६ हे इशारा देणारे रेणू टी-रेग आपल्या सीटीएलए-४ या रेणूने चक्क ओढून गिळतात. मग हल्ल्याचा इशारा पोहोचतो तो अर्धामुर्धाच. म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. ती आवरताही यायला हवी.

‘दडपणाऱ्या टी-पेशी’ ही कल्पना १९८०च्या दशकात पार बदनाम झाली होती. शिमोन साकागुची तरीही तिला चिकटून राहिले आणि १९९५ मध्ये त्यांनी सीडी२५ ही खूण दाखवली. या चिकाटीबद्दल मला फार आदर आहे. २००१ मध्ये मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी स्कर्फी या जन्मतः आजारी उंदरांच्या जातीतला दोष शोधला. एक्स गुणसूत्रावरच्या एका तुकड्यात २० जनुकं उरली होती; एकेक तपासत गेले आणि बिघाड सापडला तो अगदी विसाव्यात! तेच फॉक्सपी३ हे जनुक. त्यात दोष असलेल्या मुलग्यांना आयपेक्स हा, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा, जीवघेणा आजार होतो. २०२५चं नोबेल या तिघांना मिळालं, तेव्हा आमच्या लॅबमध्ये घरचंच कार्य असल्यासारखा आनंद होता.

पण टी-रेगची खात्रीची खूण असलेलं फॉक्सपी३ प्रथिन असतं पेशीच्या केंद्रकात. ते रंगवायचं तर पेशी आधी रसायनाने फिक्स करायची, म्हणजे आहे तशी गोठवायची, मग तिच्या पडद्याला भोकं पाडायची. म्हणजे ती मेलीच. उपचारासाठी तर जिवंत पेशी हव्यात. म्हणून वरवरच्या खुणांवर भागवावं लागतं: सीडी२५ जास्त, सीडी१२७ हा दुसरा पृष्ठभागावरचा रेणू कमी. अडचण अशी, की नुकत्याच चेतवल्या गेलेल्या साध्या टी-पेशींवरही सीडी२५ वाढतं आणि सीडी१२७ उतरतं. त्यामुळे सॉर्ट करताना, म्हणजे यंत्राने पेशी वेगळ्या काढताना, कोणत्या ठिपक्यांच्या पेशी घ्यायच्या ती चौकट मी नेहमी आखूडच आखते. पेशी कमी मिळाल्या तरी चालतील, पण रुग्णाला द्यायच्या टी-रेगमध्ये हल्लेखोर मिसळलेले नकोत.