डी नदीच्या काठी आपल्या रानकोंबड्याचं पीस

स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला येऊन चार वर्षं झाली, पण या हिवाळ्यात जे शिकतोय ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथे डी नदीवर सॅमन माशांच्या मासेमारीचा सीझन १ फेब्रुवारीला सुरू होतो, त्याआधीच्या लांबलचक रात्री घरात बसून फ्लाय बांधायच्या. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, रेशीम, जर गुंडाळून केलेलं आमिष. शेजारचे आजोबा जन्मभर नदीवर गिली होते, मासेमारीला आलेल्यांना पाण्यातल्या जागा दाखवायचे, आणि ते अजून व्हिक्टोरियन पद्धतीनेच बांधतात, गळ पकडून ठेवणारा व्हाइस (शिकंजा) वगैरे काही नाही, गळ सरळ डाव्या हाताच्या चिमटीत. त्या गळाला नेढंच नसतं! रेशीमकिड्याच्या ग्रंथी ताणून केलेल्या तंतूचा फास बांधून ते करायचं, आणि तंतू आधी भिजवला नाही तर कट्कन मोडतो, माझे दोन मोडले.

सध्या जॉक स्कॉट नावाची फ्लाय चाललीय. मागचं अर्धं अंग पिवळ्या रेशमाचं, पुढचं काळ्या, वरून चांदीची जर. खरी परीक्षा पंखाची. वेगवेगळ्या रंगांच्या पिसांचे थोडे थोडे तंतू एकाला एक जोडायचे, गोंद नाही की धागा नाही. तंतूंना बारीक आकडे असतात, बोटांनी हलकेच चोळलं की चेनसारखे अडकतात आणि लाल-पिवळं-निळं मिळून एकच पीस वाटायला लागतं. डाव्या बाजूचा तंतू उजव्याला लावला तर मात्र जाम बसत नाही, पहिले तीन आठवडे माझे त्यातच गेले.

जुन्या कृतींत दुर्मिळ पक्ष्यांची पिसं असायची, आणि त्यांच्या हव्यासापायी २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या म्युझियममधून जतन करून ठेवलेले २९९ मृत पक्षी चोरीला गेले, फार वाईट झालं ते. आजोबा टर्कीची, कोंबडीची पिसं रंगवून वापरतात आणि मलाही तेच बरोबर वाटतं, हाताचं कसब त्यातही तेवढंच लागतं.

मग त्यांनी डबीतून एक पीस काढलं, काळपट, त्यावर मेणाचा थेंब पडल्यासारखे पिवळे ठिपके. जंगल कॉक म्हणाले. मी बघतच राहिलो, अहो हा तर आपला रानकोंबडा, पाटणला मामाच्या घरामागच्या रानातला! आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, ही पिसं इथेच पाळलेल्या पक्ष्यांची.

आजोबांनी साठ वर्षं हे पीस बांधलंय पण पक्षी कधी ऐकला नव्हता. मामाने मे महिन्यात पहाटे रेकॉर्ड केलेली बांग मी मोबाईलवर लावली, तर हातातला गळ खाली ठेवून म्हणाले, परत लाव.