तुम्ही विचारलंत म्हणून: लसूण-निंबोळीने करपा थांबतो का?

करपा म्हणजे डाग पडून पानं करपवणारा रोग. हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो, आणि विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं. अर्ध्यांना 'हो' ऐकायचं असतं, उरलेल्यांना माझी फजिती ऐकायची असते. म्हणून एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी हेच पाठवेन.

जे चालतं ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल बाई पलटली. भुरीवर, म्हणजे पानांवर पांढरी पूड पसरते त्या रोगावर, निंबोळी तेल चालतं. माझ्या काकडीवर चार हंगाम चाललंय. भुरीची बुरशी पानाच्या वरवर पसरते, आत फक्त सोंडा खुपसून रस ओढते, त्यामुळे तेलाचा थर थेट तिच्या अंगावर बसतो. लिटरला ५ मिली तेल, आधी साबणाच्या पाण्यात फेटून, दुधासारखं पांढरं झालं तरच पंपात, वर तवंग दिसला तर परत फेटा. फवारणी संध्याकाळी. भर उन्हात मारून पानं भाजली की सेंद्रियच्या नावाने बोंब मारू नका, तेल ते तेलच. आणि गंधक मारून दोन आठवडे झाले नसतील तर तेलाला हात लावू नका.

तर ह्या काकडीनेच माझं डोकं चढवलं. भुरी गेली म्हणजे सगळंच जाईल असं वाटायला लागलं, चार लोकांत सांगायला लागले की डब्यातल्या औषधाची गरजच नाही. आता आठवलं की कानकोंडं होतं.

त्या वर्षी टोमॅटो फळावर होता. पाच दिवस ढगाळ, रात्री गारवा, पानं सकाळी दहापर्यंत ओली. खालच्या पानांवर पाण्यात भिजल्यासारखे काळपट हिरवे डाग आले. नेहमीच्या करप्यात डागाच्या आत वर्तुळं असतात, लाकडाच्या ओंडक्याच्या कापासारखी. इथे ती नव्हती, मला दिसत होतं की नाहीयेत, तरी मी लसूण कुटायला बसले. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, हे वेगळं दिसतंय, निदान कॉपर, ते तांब्याचं बुरशीनाशक, तरी मारू." मी म्हटलं, तुम्हाला सगळीकडे डबाच दिसतो.

पण शंका होतीच, म्हणून रात्री एक डागाळलेलं पान ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत बांधून ठेवलं. सकाळी उघडलं तर खालच्या बाजूला डागाच्या कडेने पांढरी बारीक लव, श्वास सोडला तरी हलेल इतकी नाजूक. म्हणजे हा नेहमीचा करपा नव्हे, उशिरा येणारा करपा. मला कळलं. आणि कळूनसुद्धा त्या दिवशी मी परत लसूण-निंबोळीच मारलं, कारण लोकांना काय सांगणार होते? हे आजवर कुणाला बोलले नव्हते. मग खोडांवर काळे पट्टे, मग हिरव्या फळांवर तपकिरी कडक चट्टे, आणि प्लॉटमध्ये शिरलं की तो कुजका वास. आठव्या दिवशी झाडं उपटायला घेतली, दीर शेजारच्या ओळीत होते, एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

नंतर वाचून समजलं की हा रोग करणारी खरी बुरशीसुद्धा नाही, तिचं नातं शेवाळाशी जवळचं. १८४५ मध्ये आयर्लंडचा बटाटा हिनेच नासवला. ती पानाच्या आत वाढते, आपलं तेल राहतं बाहेर. आणि दुसरं, हे लिहायची लाज वाटते, मी दोन वर्षं लसूण उकळून मारत होते! लसणातलं बुरशीला मारणारं द्रव्य पाकळी चिरडल्यावर तयार होतं आणि उष्णतेने मोडतं, म्हणजे मी निव्वळ वासाचं पाणी फवारत होते. आता कच्चाच वाटते, गाळून लगेच मारते, तेही रोग यायच्या आधी.

मग कॉपरने प्लॉट वाचला असता का? दीर म्हणतात वाचला असता. पण कॉपरही पानाच्या वरच राहतं, आत शिरलेल्या रोगाला तेही काही करत नाही, डाग दिसायच्या आधी मारलं असतं तर कदाचित. कधी वाटतं ही माझी पळवाट आहे, कधी वाटतं बरोबरच आहे. निंबोळी मी सोडलेली नाही, कॉपरचा डबाही आता घरात असतो, दोन्ही बाजूच्या लोकांना हे पटत नाही, मी तरी काय करू.

आज पुन्हा ढग भरलेत. कडेच्या ओळीत एका पानावर डाग आहे, वर्तुळं आहेत की नाहीत नक्की कळेना. पान ओल्या कागदात गुंडाळून ठेवलंय.